लीलावतीचा मोती : एका दंतकथेची तपासणी

गोष्ट बहुतेकांना पाठ आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या पत्रिकेत संसारसुख नव्हते. वडिलांनी गणित मांडून लग्नासाठी एकच शुभ घटका शोधली, घंगाळात घटिकापात्र, म्हणजे वेळ मोजायचे तळाला भोक असलेले भांडे, सोडले आणि मुलीला त्याच्या जवळ फिरकायचे नाही अशी ताकीद दिली. पोरच ती. वाकून बघायला गेली, दागिन्यातला मोती पात्रात पडला आणि भोकावर जाऊन बसला. पाणी आत यायचे थांबले आणि मुहूर्त टळला. इथून पुढे गोष्टीला दोन फाटे फुटतात. एकात ती जन्मभर अविवाहित राहते. दुसऱ्यात लग्न होते, पण ती लहानपणीच विधवा होऊन माहेरी येते. शेवट दोन्हींचा एकच. दुःखी बाप मुलीला गणित शिकवतो आणि तिच्या नावाचा ग्रंथ लिहितो.

ही गोष्ट कितपत खरी आहे, हे तपासण्याजोगे आहे. बाराव्या शतकातल्या माणसाबद्दल इतका पुरावा क्वचितच हाती लागतो. भास्कराचार्यांचे स्वतःचे शब्द आहेत, नातवाचा शिलालेख आहे, आणि गोष्टीच्या मुळाशी असलेल्या यंत्राचे वर्णन खुद्द त्यांच्याच ग्रंथात आहे.

धागा मागे कुठवर जातो

दंतकथा हातात आली की ती खरी की खोटी हे आधी ठरवायचे नसते. आधी पाहायचे ते हे, की ती पहिल्यांदा लिहिली कुणी आणि केव्हा. लीलावतीची कथा आपल्याला पहिल्यांदा भेटते ती १५८७ साली. अकबराच्या आज्ञेवरून त्याच्या दरबारातला कवी फैजी याने ‘लीलावती’ फारसीत आणली. त्या अनुवादाच्या प्रस्तावनेत ही गोष्ट आहे. मूळ ग्रंथ ११५० चा धरला तर मध्ये ४३७ वर्षे जातात.

या मधल्या काळात ग्रंथ कुठे हरवला होता असेही नाही. त्यावर टीका लिहिल्या जात होत्या आणि पाठशाळांतून तो पाठ होत होता. फैजीच्या अनुवादाआधी ४२ वर्षे, १५४५ मध्ये, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी, म्हणजे ‘ग्रहलाघव’ या ग्रहगणितावरच्या ग्रंथाच्या कर्त्यांनी, ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. ग्रंथ असा सतत वापरात असताना कर्त्याच्या घरची एवढी मोठी हकीगत साडेचार शतकांनी, दूरच्या दरबारात आणि दुसऱ्या भाषेत पहिल्यांदा कागदावर यावी, ही गोष्ट तिच्या विरोधात जाते.

फैजीवर मात्र ठपका ठेवता येत नाही. त्याने कथेची सुरुवातच ‘असे सांगतात’ या अर्थाच्या शब्दांनी केली आहे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगण्याइतका तो प्रामाणिक होता. ‘असे सांगतात’ हे दोन शब्द पुढच्या लेखकांनी गाळले. एडवर्ड स्ट्रेची याने ही प्रस्तावना इंग्रजीत आणली, चार्ल्स हटन याने १८१२ मध्ये ती छापली, आणि तिथून ती गणिताच्या लोकप्रिय पुस्तकांत शिरली. आपल्याकडे ती आज सांगितली जाते त्यात या इंग्रजी वळणाचा वाटा मोठा आहे.

फैजीची गोष्ट आणि आजची गोष्ट शेजारी ठेवून वाचली की भर कुठे पडली ते दिसते. फैजीकडे ताकीद नाही, वैधव्यही नाही. पत्रिकेत अविवाहित आणि निपुत्रिक राहण्याचा योग आहे, घटिकेवर लक्ष ठेवायला एक ज्योतिषी बसवलेला आहे, आणि मोती लग्नाच्या पोशाखातला आहे. बाप मुलीला म्हणतो की तुझ्या नावाचा ग्रंथ लिहीन, तो कायम टिकेल, कारण चांगले नाव म्हणजे दुसरे आयुष्य. बालविधवेचा करुण रंग पुढे चढला. वैधव्य असलेली आवृत्ती ऐकली की ती फैजीनंतरची, हे लगेच ओळखता येते.

भास्कराचार्य स्वतः काय सांगतात

स्वतःबद्दल ते कमी बोलतात, पण बोलतात ते नेमके. जन्मसाल एका आर्येत दिले आहे: ‘रसगुणपूर्णमही’. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. अंक उजवीकडून डावीकडे लिहायचे, म्हणजे शके १०३६, इसवी सन १११४. त्याच आर्येत पुढे वयाच्या ३६ व्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला असे म्हटले आहे. ‘लीलावती’ हा त्याचाच पहिला भाग मानतात. गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड, गोत्र शाण्डिल्य, वडील आणि गुरू महेश्वर. हे विज्जडविड नेमके कोणते यावर अजून वाद आहे. आपल्या प्रश्नाला त्याने काही फरक पडत नाही.

इथे एक गोष्ट कथेच्या बाजूने नोंदवली पाहिजे. ३६ वर्षांच्या माणसाला त्या काळी लग्नाच्या वयाची मुलगी असणे सहज शक्य होते. म्हणजे नुसता सालांचा हिशेब दंतकथेला खोटी पाडत नाही. काही जण इथेच घाई करतात आणि ‘कालविसंगती’ म्हणून कथा निकालात काढतात. तशी विसंगती नाही.

खरी मेख नावात आहे. ग्रंथाच्या मंगलाचरणात गणेशाला वंदन करून भास्कराचार्य काय सांगणार आहेत ते सांगतात: ‘पाटीं सद्गणितस्य वच्मि’, चांगल्या गणिताची पाटी, म्हणजे अंकगणिताची रीत, मी सांगतो. ती पाटी कशी? चतुरांना आनंद देणारी, स्पष्ट, थोडक्या अक्षरांत कोमल आणि निर्मळ पदांनी सांगितलेली, आणि शेवटी ‘लालित्यलीलावतीम्’, लालित्याने विलसणारी. ‘लीलावती’ हा शब्द पहिल्यांदा येतो तो इथे, आणि इथे तो पाटीगणिताचे विशेषण आहे. म्हणजे नावाचा उगम कवीने पहिल्याच श्लोकात सांगून ठेवला आहे. त्यात कुठल्या मुलीचा उल्लेख नाही, मुहूर्ताचा नाही, दुःखाचाही नाही.

कुणी म्हणेल की मुलीचे नाव लीलावती होते म्हणूनच त्यांनी हा श्लेष साधला असेल. शंका रास्त आहे. तिचे उत्तर ग्रंथाच्या शेवटच्या श्लोकात आहे. तो श्लोक सावकाश वाचावा, कारण त्यातला प्रत्येक शब्द दोनदा काम करतो:

येषां सुजातिगुणवर्गविभूषिताङ्गी
शुद्धाखिलव्यवहृतिः खलु कण्ठसक्ता ।
लीलावतीह सरसोक्तिमुदाहरन्ती
तेषां सदैव सुखसम्पदुपैति वृद्धिम् ॥

जाति म्हणजे कुळ, आणि जाति म्हणजे अपूर्णांकांचे प्रकार. गुण म्हणजे सद्गुण, आणि गुणाकारही. वर्ग म्हणजे समूह, आणि संख्येचा वर्गही. व्यवहृति म्हणजे वागणूक, आणि मिश्रव्यवहार, श्रेढीव्यवहार, छायाव्यवहार ही प्रकरणेही. ‘कण्ठसक्ता’ म्हणजे मुखोद्गत झालेली, आणि गळ्यात हात टाकून बिलगलेलीही. एका अर्थाने, ज्यांना ही पोथी कंठस्थ आहे त्यांची सुखसंपदा वाढते. दुसऱ्या अर्थाने, जिच्या अंगी हे सारे गुण आहेत अशी स्त्री ज्यांच्या गळ्यात पडलेली आहे त्यांची वाढते. ‘येषां’ हे अनेकवचन आहे. लग्न मोडलेल्या मुलीच्या सांत्वनासाठी ग्रंथ लिहिणारा बाप तिच्याबद्दल हा श्लेष करील, हे पटत नाही. पोथीला नायिका मानून कवीने केलेला तो खेळ आहे, आणि खेळ म्हणून तो फार सुंदर आहे.

हाक कुणाला?

दंतकथेच्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा उदाहरणांतच आहे. पहिल्याच उदाहरणात हाक आहे: ‘अये बाले लीलावति मतिमति ब्रूहि’. बुद्धिमती बाले, सांग, २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज किती, आणि ती १०,००० तून वजा केली तर काय उरते. उत्तरे ३६० आणि ९,६४०. पुढे गुणाकारात ‘बाले बालकुरङ्गलोलनयने लीलावति’: हरिणपाडसासारख्या चंचल डोळ्यांच्या लीलावती, १३५ ला १२ ने गुण. उत्तर १,६२०.

एवढे दोन श्लोक ऐकले की समोर गणित सोडवत बसलेली मुलगी दिसायला लागते. निवड अशी फसवते. सगळी उदाहरणे ओळीने वाचली तर चित्र पार बदलते. वर्ग काढायला सांगताना हाक आहे ‘सखे’, म्हणजे मित्रा. त्रैराशिकात केशराचा भाव विचारताना ‘वणिग्वर’, म्हणजे शेटजी: अडीच पल केशर ३/७ निष्काला, तर ९ निष्कांना किती? साडेबावन्न पल. भुंग्यांच्या प्रसिद्ध उदाहरणात हाक आहे ‘कान्ते’. निम्म्या थव्याचे वर्गमूळ मालतीवर गेले, थव्याचे आठ नवमांशही गेले, एक भुंगा सुगंधाच्या लोभाने रात्री कमळात अडकला आणि भ्रमरी बाहेरून त्याच्या गुंजारवाला साद देते आहे. तर कान्ते, भुंगे किती? ७२ चे निम्मे ३६, त्याचे मूळ ६. ७२ चे आठ नवमांश ६४. अधिक दोन. जुळले. दुसऱ्या भुंग्यांच्या श्लोकात एकाच वेळी ‘मृगाक्षि’ आणि ‘कान्ते’ अशा दोन हाका आहेत. उत्तर १५.

‘कान्ते’ ही हाक प्रेयसीला किंवा पत्नीला मारतात, मुलीला नाही. हाकांवरून चरित्र लिहायचे ठरवले तर भास्कराचार्यांनी हा ग्रंथ मुलीसाठी, पत्नीसाठी, मित्रासाठी आणि केशराच्या व्यापाऱ्यासाठी एकदमच लिहिला असे म्हणावे लागेल. काहींनी लीलावतीला पत्नी ठरवले ते अशाच हाकांच्या आधारावर, आणि तोही तर्क तितकाच लंगडा आहे. श्लोकाच्या वृत्तात बसेल आणि प्रसंगाला शोभेल ती हाक कवी घालतो. ‘बाला’ म्हणजे तरुण मुलगी. मुलगी या नात्याचे संस्कृत शब्द सुता, तनया, दुहिता हे आहेत. लीलावतीला त्यांतल्या एकानेही हाक मारलेली नाही.

घटिकापात्राचा हिशेब

आता मोती. इथे कल्पनेपेक्षा मोजमाप उपयोगी पडते.

दिवसरात्रीच्या ६० घटका, एक घटका २४ मिनिटांची. तळाला बारीक भोक असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडायचे. भोकातून पाणी आत येते, पात्र भरते आणि बुडते. बुडाले की घटका झाली. ‘घटका भरली’ हा आपला वाक्प्रचार इथूनच आला. मुहूर्त सूर्योदयापासूनच्या घटिका-पळांत असतो, म्हणून पात्र एकदाच सोडून भागत नाही. ते पुन्हा पुन्हा सोडायचे आणि मोजत राहायचे.

जुन्या ग्रंथांत पात्राची ठरीव मापे दिलेली आहेत: दहा पल तांबे, अमुक अंगुळे उंची, अमुक जाडीची सोन्याची सुई घालून पाडलेले भोक. भास्कराचार्य ही मापे नाकारतात. त्यांच्या मते त्यांत युक्ती नाही आणि तसे पात्र घडणेही अवघड. सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायातल्या यंत्राध्यायात ते स्वतःची रीत देतात: अर्ध्या घटाच्या आकाराचे, तळाला मोठे भोक असलेले तांब्याचे पात्र घ्या, ते एका अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजा, आणि त्या संख्येने अहोरात्राला भागा. समजा पात्र ६२ वेळा बुडले. मग एका बुडण्याला ६०/६२ घटका, म्हणजे सुमारे २३ मिनिटे १४ सेकंद. सूर्योदयानंतर १० घटिकांचा मुहूर्त असेल तर असे पात्र दहा वेळा पूर्ण बुडून अकराव्या खेपेला एक तृतीयांश वेळ जावा लागेल. पात्र कसे चुकते याची पूर्ण जाण असलेल्या माणसाची ही रीत आहे. भोकाला कळंक चढतो, पाण्यात गाळ असतो, थंडीत पाणी किंचित सावकाश वाहते. हे सगळे त्या एका भागाकारात सामावते.

मोती भोक बुजवू शकेल का? एक पात्र धरू: अर्धगोल, त्रिज्या ८ सेंटिमीटर, वजन ५०० ग्रॅम. रिकामे असताना ते सुमारे ५ सेंटिमीटर बुडून तरंगेल, आणि बुडण्यापूर्वी आतल्या-बाहेरच्या पाण्याच्या पातळीतला फरक सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास उतरेल. ते २४ मिनिटांत भरायचे तर भोक साधारण एक मिलिमीटरचे, फार तर किंचित मोठे. पाणी खालून वर येते, म्हणून मोत्याला ते वर ढकलते. हा रेटा सुरुवातीला जवळपास ५० मिलिग्रॅम वजनाएवढा, शेवटी २० च्या आसपास. मोत्याची घनता पाण्याच्या २.७ पट धरली तर दोन मिलिमीटरच्या मोत्याचे पाण्यातले वजन सुमारे ७ मिलिग्रॅम भरते. तो भोकावर टिकणारच नाही, उडवला जाईल. तीन मिलिमीटरचा सुमारे २४ मिलिग्रॅम. तो शेवटी शेवटी कदाचित बसेल. चार मिलिमीटरचा ५७ मिलिग्रॅम. तो बसून राहील.

म्हणजे मोती बऱ्यापैकी टपोरा असेल तर ही घटना भौतिकदृष्ट्या अशक्य नाही. कथा खोटी ठरवण्याच्या उत्साहात हे लपवू नये. अडचण दुसरीच आहे. पोशाखाला शिवलेला मोती वेज पाडलेला असतो. तो भोकावर घट्ट बसेल असे नाही, पाणी झिरपत राहते आणि पात्र उशिरा बुडते. पाणी पूर्ण थांबले तर आतली पातळी चढत नाही, आणि हे दिसायला गणित लागत नाही. खुद्द फैजीच्या कथेत एक ज्योतिषी त्याच कामाला बसवलेला आहे, आणि तो नुसता वाट पाहत राहतो. शिवाय दिवसाची वेळ शंकूच्या, म्हणजे उभ्या रोवलेल्या काठीच्या, सावलीवरून काढता येते, आणि सावलीच्या गणिताचे सबंध प्रकरण याच ‘लीलावती’त आहे. असा माणूस मुलीच्या आयुष्याचा प्रश्न एका पात्रावर सोडून बसला, हा कथेतला सर्वांत कच्चा दुवा आहे.

पाटणचा शिलालेख, आणि तो काय सांगत नाही

चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. तो भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा. शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण, म्हणजे ९ ऑगस्ट १२०७. चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, आणि मठाला देणगी निकुंभ घराण्याची. त्रिविक्रमापासून सुरू होणारी वंशावळ महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर, चांगदेव अशी खाली येते. लक्ष्मीधर हा भास्कराचार्यांचा मुलगा. राजा जैत्रपाळाने त्याला नेऊन पंडितांत अग्रणी केले, असे लेखात आहे.

लीलावती त्यात नाही. पण ‘शिलालेखात नाव नाही, म्हणून मुलगी नव्हती’ असे म्हणणे चूक आहे. तशा वंशावळी बापाकडून मुलाकडे उतरतात, मुलींची नावे त्यांत येतच नाहीत. कदाचित भास्कराचार्यांना तीन मुली असतील, आणि दगड त्याबद्दल गप्पच राहील. शिलालेख एवढेच पक्के करतो की त्यांना मुलगा होता, नातू होता, आणि घरची विद्या त्या वाटेने पुढे गेली.

तुलनेसाठी एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच गणितज्ञाचे प्रकरण उपयोगी आहे. द्वंद्वाच्या आदल्या रात्री, २९ मे १८३२ ला, त्याने एका रात्रीत सगळा सिद्धांत लिहून काढला असे सांगतात. शेवालिए या मित्राला त्या रात्री लिहिलेले पत्र खरे आहे, पण समीकरणांवरचा मुख्य निबंध त्याने १८३१ च्या जानेवारीतच पॅरिसच्या विज्ञान अकादमीला दिला होता. तिथे खऱ्या कागदावर अतिशयोक्ती चढली आहे. लीलावतीच्या बाबतीत मुळाशी तसा कागदच नाही. म्हणून दोन्ही कथांना एकाच मापाने ‘थोडे खरे, थोडे खोटे’ म्हणणे योग्य नाही.

पाटीवर काय लिहावे

शाळेच्या फलकावर, गणित दिनाच्या भाषणात किंवा मुलांच्या मासिकात लिहायचे असेल तर हे शब्द पुराव्याला धरून होतील: ‘लीलावती’ हे भास्कराचार्यांच्या पाटीगणितावरच्या ग्रंथाचे नाव आहे. काही उदाहरणांत त्यांनी लीलावती नावाच्या मुलीला उद्देशून प्रश्न विचारले आहेत. ती त्यांची मुलगी होती आणि तिचे लग्न मोत्यामुळे हुकले, ही कथा १५८७ च्या फारसी अनुवादात पहिल्यांदा येते आणि तिथेही ती ऐकीव म्हणूनच दिली आहे. गोष्ट सांगायला हरकत नाही, फक्त फैजीचे ‘असे सांगतात’ परत जागेवर ठेवावे. आणि गोष्टीनंतर भुंग्यांचे उदाहरण फळ्यावर मांडावे. मुले ७२ पर्यंत पोचली की लीलावती कोण होती हे ती वेगळ्या कुतूहलाने विचारतात.

भास्कराचार्यांच्या आठवणीसाठी त्यांच्या घरच्यांनी काय केले, हे मात्र पाटणला दगडावर लिहिलेले आहे. भास्कराचार्यांच्या शास्त्राचा विस्तार व्हावा म्हणून मठ, आणि तिथे सिद्धान्तशिरोमणीसह त्यांचे व त्यांच्या वंशातल्यांचे ग्रंथ नियमाने शिकवायचे. लेख संस्कृतात चालतो, आणि देणग्यांपाशी आला की आपल्या भाषेवर येतो: ‘इयां पाटणीं जें केणें उघटे’, या पाटणात जो माल विक्रीला उघडेल, त्यावरचे राजाचे उत्पन्न मठाला. आणि गावात जितके घाणे चालतील त्यांच्याकडून तेल, पळी पळी.